धागा: सत्तरीत लांडगे सोडले तर रानडुकरं कमी होतील का?

काजूबोंडू (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा तो व्हिडिओ सध्या पुन्हा फिरतोय. लांडगे आले, हरणं पळाली, झाडं वाढली, नद्यासुद्धा वळल्या वगैरे. त्याखाली आपल्याकडच्या लोकांची मागणी: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात लांडगे सोडा, म्हणजे रानडुकरं आणि गवे आटोक्यात येतील आणि काजू-सुपारी वाचेल. हे जमेल का? जमत नसेल तर का नाही? आणि अमेरिकेत खरंच काय झालं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं. "निसर्गाचा समतोल" हे दोन शब्द सोडून काहीही चालेल.

रानवाट
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे.

आपला लांडगा उघड्या माळावरचा प्राणी. सोलापूरचं नान्नज, पुण्याजवळचं सासवड, घाटापलीकडचा धारवाड-कोप्पळचा कोरडा पट्टा ही त्याची घरं. कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला खास लांडग्यांसाठी अभयारण्य आहे. तिथे पाऊस बेताचा, गवत गुडघ्याएवढं आणि नजर दोन किलोमीटर जाते. तो लांबून पाहतो, पळवून दमवतो आणि मग मारतो. सत्तरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, गच्च रान आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही. अशा जागी त्याला सोडणं म्हणजे मासा काजूच्या झाडावर ठेवण्यासारखं. तो रानात राहणारच नाही. उघडं काय ते शोधत वाड्यांच्या कडेला येईल आणि शेळ्या उचलेल.

शिवाय पुनर्स्थापना म्हणजे जिथून प्राणी नाहीसा झाला तिथे तो परत आणणं. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं यावर ठाम आहेत: मूळ प्रदेश हवा आणि प्राणी ज्या कारणानं संपला ते कारण आधी दूर झालेलं हवं. गोव्याच्या रानाच्या बाबतीत पहिली अटच पुरी होत नाही.

गोव्यात "लांडगा दिसला" अशी बातमी येते तेव्हा तो बहुतेक वेळा कोल्हा नाहीतर कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, असतो. कोळसुंद्याचा रंग विटकरी, शेपूट काळी आणि झुपकेदार, कान गोल. कळपात असतो आणि शिटीसारखा आवाज काढतो. वजन १२ ते २० किलो. कोल्हा राखाडी-पिवळट, एकटा किंवा जोडीनं, तिन्हीसांजेला ओरडणारा. कळपानं शिकार करणारा प्राणी हवा असेल तर तो म्हादई-मोलेत आधीपासून आहे. आणायचा खर्च शून्य.

कुळागर_वायंगण
चला, लांडगा बाद. पण प्रश्न तोच राहतो. शिकारी वाढला तर डुक्कर कमी होतो का? यलोस्टोनला एल्क कमी झाले ना?

आकडेमोड
झाले. पण कसे ते बघा.

यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे १९२६पर्यंत माणसांनीच मारून संपवले होते. १९९५मध्ये कॅनडाच्या अल्बर्टातून १४ आणि १९९६मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७ आणले, म्हणजे ३१. उद्यानाच्या उत्तर भागातल्या कळपात तेव्हा १९ हजारांच्या आसपास एल्क होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. २०१३पर्यंत ते चार हजारांच्या खाली आले. व्हिडिओत हे सगळं श्रेय लांडग्याला दिलंय. प्रत्यक्षात त्याच काळात ग्रिझली अस्वलं वाढली होती आणि ती एल्कची नवजात पिल्लं खातात. पुमा, म्हणजे तिकडची मोठी रानमांजर, कुणी न आणता आपणहून परतला होता. १९९६-९७चा हिवाळा भयंकर गेला, पुढे दुष्काळाची वर्षं आली. आणि उद्यानाच्या हद्दीबाहेर माणसांची शिकार बरीच वर्षं चालू होती, तीही माद्यांची. गाभण मादी मारली की दोन-तीन पिढ्या जातात, लांडगा मात्र बहुतेक म्हातारे आणि कोवळे उचलतो. पाच जण पंक्तीला बसलेले, ताटं कुणी संपवली ते एकट्यावर कसं टाकणार?

सांगेची_वाट
आणि नद्या वळल्या ते?

आकडेमोड
नद्या वळल्या नाहीत. ओढ्याकाठी विलो वाढायचा. वाळुंज ओळखीचा असेल तर त्याच कुळातला. लांडगे नसताना एल्कनी तो खाऊन खुरटवला. विलो गेला तसा बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी, गेला, कारण त्याचं खाणं आणि बांधकामाचं लाकूड दोन्ही तेच. बीव्हरचे बांध फुटले, पाणी जोरात वाहू लागलं, ओढ्याचं पात्र खोल चिरलं गेलं आणि काठाची भूजलपातळी खाली गेली. आता एल्क कमी झाले तरी मुळांना पाणीच पोचत नाही.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००१पासून वीस वर्षं हे तपासलं. काही तुकड्यांना कुंपण घातलं, काही ओढ्यांवर बीव्हरसारखे बांध घातले, काही ठिकाणी दोन्ही केलं, काही तसेच सोडले. जिथे बांध आणि कुंपण दोन्ही होतं तिथे विलो उंच झाला. नुसत्या लांडग्यांच्या भरवशावर सोडलेले तुकडे बव्हंशी खुरटेच राहिले. काही ठिकाणी विलो आणि अॅस्पेनची झाडं खरोखर वर आलीत, त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण "लांडगा सोडला आणि वीस वर्षांत सगळं पूर्ववत" हे मोजमापात टिकलेलं नाही.

ठळक दिसलेला परिणाम वेगळाच आहे. उत्तर भागात कायोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, पहिल्या काही वर्षांत निम्म्यावर आले. आणि लांडग्यांनी सोडलेल्या उरल्यासुरल्या मांसावर डोमकावळे, गरुड, अस्वलं वर्षभर जगू लागली.

रानवाट
डुकराकडे येऊ. इथे सगळ्यांची गल्लत होते. एल्क वर्षाला एक पिल्लू देतो. रानडुकरीण एका वेळी चार-सहा देते आणि ती पिल्लं वर्षभरातच विण्याच्या वयाला येऊ लागतात. इटलीत लांडग्याचं मुख्य खाद्यच रानडुक्कर आहे, लांडगेही वाढले आणि डुकरंही वाढली.

वाघाचं गणित घ्या. पूर्ण वाढलेल्या वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात, आठवड्याला एक धरा. साठा न घटता दरवर्षी दहातलं एक जनावर काढता येतं, म्हणून एका वाघामागे पाचशेच्या आसपास सांबर-गवा-डुक्कर-भेकर रानात हवेत. म्हणजे शिकारी वाढायला आधी भक्ष्य वाढावं लागतं. उलटं होत नाही. त्यात वाघाला डुकरापेक्षा सांबर आणि गवा जास्त परवडतात. पूर्ण वाढलेला गवा सात-आठशे किलोंच्या पुढे जातो, त्याला हात घालणारा आपल्या रानात वाघ एकटाच.

आणखी एक. जिथे शिकारी येतो तिथे डुक्कर माणसाच्या वस्तीला चिकटतो, कारण वाघ माणसाला टाळतो. काजूच्या भाटात, रताळ्याच्या वाफ्यात त्याला खाणंही मिळतं आणि संरक्षणही. काही वर्षं नुकसान उलट वाढूही शकतं.

माडावरच्या माकडांबद्दल काही विचारू नका. त्यांच्यावर लांडगा, वाघ, कोळसुंदा कुणाचाच इलाज नाही.

खडपी
मग डुकराचा इलाज काय? वाघ येईपर्यंत काजू त्यांनीच खायचे?

झटकामशीन
डुकराचा इलाज मशीननं झटका देणारी तार. पण ती बरोबर लावली तर.

डुकरासाठी तीन तारा. सगळ्यात खालची जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर, दुसरी ४०, तिसरी ६५-७०. खालची तार महत्त्वाची, कारण डुक्कर नाक खाली घालून येतो आणि नाकालाच झटका लागायला हवा. तार २५-३० सेंटिमीटरवर गेली की तो खालून सरकतो, झटका राठ केसांच्या पाठीला बसतो आणि त्याला काही वाटत नाही. गव्यासाठी वर १२० आणि १५०वर आणखी दोन.

मशीन सेकंदाला साधारण एक ठोका देतं. व्होल्टेज मशीनजवळ न मोजता कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मोजा. तिथे चार-पाच हजार व्होल्ट हवेत, तीन हजारांच्या खाली डुक्कर जुमानत नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास बिघडतात. काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, अर्थिंग, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत गाडलेली सळी. जांभा दगड सुकला की सळी असून नसल्यासारखी. एक सळी पुरत नाही. दीड मीटरच्या तीन, एकमेकींपासून तीन मीटरवर, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. तपासायची रीत: टोकाजवळची तार लोखंडी सळईनं जमिनीला टेकवा आणि अर्थिंगच्या सळीवर व्होल्टेज बघा. तीनशे-पाचशेच्या वर आलं तर अर्थिंग कमी आहे.

पावसाळ्यात उलटं. गवत, घाणेरी, वेली खालच्या तारेला टेकतात आणि सगळा झटका जमिनीत मुरतो. जूननंतर दर दहा-बारा दिवसांनी खालची पट्टी साफ करावीच लागते. ते होणार नसेल तर पावसाळ्यात खालची तार वेगळ्या खटक्यावर ठेवा.

घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडू नका. तो गुन्हा आहे, आणि मरणारा बहुतेक वेळा डुक्कर नसतो. गवा मरतो, कुत्रा मरतो, पहाटे काजू वेचायला आलेली बाई मरते.

काजूबोंडू
हे वेगळं साठवून ठेवलं. पण मूळ वाद शिकारी प्राण्यांचा. ते नकोतच असं रानवाट म्हणतायत का?

रानवाट
उलट. वाघ हवा, फक्त डुकरं मारणारा मजूर म्हणून नको. आणि गोव्यात तो आणावाही लागत नाही. कर्नाटकातला काली व्याघ्रप्रकल्प आणि भीमगड इकडे चिकटून आहेत, उत्तरेला तिळारी आहे. म्हादईचं २०८ आणि नेत्रावळीचं २११ चौरस किलोमीटर, मोले, खोतीगाव धरून राज्याची सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण ७५५ चौरस किलोमीटर संरक्षित आहे. वाट मोकळी ठेवली की वाघ स्वतः चालत येतो. वाघेरीचा डोंगर आणि वाघ्रो देव काही हवेतून आले नाहीत.

आणणं किती अवघड असतं ते बघा. यलोस्टोनला लांडगे थेट मोकळे सोडले नव्हते. साधारण एकरभराचे पिंजरे, दहा फूट उंच जाळी, वरची कड आत वळवलेली, खाली जाळीचा पट्टा जमिनीवर पसरून पुरलेला, कारण लांडगा उकरतो. दहा आठवडे आत ठेवून गाडीखाली मेलेले एल्क खायला घातले, माणसाचा सहवास कमीत कमी. दार उघडलं तर ते बाहेर पडेनात, कारण त्याच दारातून माणूस यायचा. शेवटी मागच्या बाजूनं जाळी कापली. शेजारच्या आयडाहो राज्यात मात्र पेटी उघडून थेट सोडले आणि ते दूरवर पांगले.

आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ला पेंचहून आणलेला नर वाघ परतीच्या दिशेनं चालत सुटला. महिनाभर, चारशेहून जास्त किलोमीटर. परत पकडून आणला आणि मग वाघिणीचं मूत्र रानात शिंपडून त्याला थोपवला. तिथे पुढे यश आलं. मध्य प्रदेशातल्याच कुनोत चित्त्यांच्या गळपट्ट्याखाली २०२३च्या पावसात कातडी ओली राहून जखमा झाल्या, माश्या बसल्या, अळ्या पडल्या, काही दगावले. सत्तरीचा पाऊस लक्षात ठेवून हे वाक्य पुन्हा वाचा.

ओडिशातलं सातकोसिया तर गावकऱ्यांना न विचारल्याचं उदाहरण. २०१८ला मध्य प्रदेशातून वाघांची एक जोडी आणली. नर काही महिन्यांत मेला. वाघिणीवर माणसं मारल्याचा आरोप आला, लोकांनी वनखात्याच्या चौक्यांवर राग काढला, आणि ती २०२१ला परत पाठवली.

सांगेची_वाट
"गावकऱ्यांना विचारणं" यावरच भांडण आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२०ला मतदानानं लांडगे आणायचं ठरलं, ५१ विरुद्ध ४९ टक्के. बाजूनं मत देणारे मुख्यतः शहरी, लांडगे सोडले डोंगरापलीकडच्या गुरंवाल्यांच्या दारात. इथे पणजी-मडगावात वाघासाठी मेणबत्त्या लागतात आणि गुरं रानात चरतात ती सत्तरी-सांगे-काणकोणात. २४ जुलै २०२३ला उच्च न्यायालयानं गोव्यात व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्यात रानात राहणाऱ्यांचे वनहक्काचे दावे कुठवर आले ते कुणी विचारत नाही. आधी दावे निकालात काढा, मग वाघ.

आकडेमोड
दाव्यांबद्दल सहमत. "आधी हे, मग ते" याबद्दल नाही, कारण वाघ दाव्यांची वाट पाहत थांबलेला नाही. कोलोरॅडोतून घेण्यासारखं मात्र बरंच आहे. डिसेंबर २०२३ला ऑरेगॉनहून दहा लांडगे आणले, त्यातले काही अशा कळपांतले होते ज्यांनी तिकडे आधीच गुरं मारली होती. व्हायचं तेच झालं. एका जोडीनं गुरं मारायला सुरुवात केली, आणि २०२४मध्ये तो जवळजवळ अख्खा कळप पुन्हा पकडावा लागला. भरपाई एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत ठरलेली असून लोक संतापलेले, कारण नुसत्या रकमेनं भागत नाही.

उलट आयडाहो. तिथल्या विधिमंडळानं १९९५ला स्वतःच्या वन्यजीव खात्याला लांडग्यांच्या कामातून बाहेर ठेवलं, तेव्हा ते काम नेझ पर्स या आदिवासी समाजानं हाती घेतलं आणि दहा वर्षं सांभाळलं. आपल्याकडच्या गौळी-धनगर, वेलीप, गावडा या रानालगतच्या समाजांना "जनजागृती"चं पत्रक वाटण्याऐवजी रानातला माग काढायचं पगारी काम द्या.

खडपी
भरपाईचं नाव काढलंत म्हणून. जानेवारी २०२०, म्हादईतलं गोळावली गाव. चार वाघ विषानं मेले. आधी गुरं मेली होती. म्हैस गेली की घराचं दूध आणि उत्पन्न दोन्ही जातं, आणि कागद फिरत राहतो. विष घालणं चूकच. पण ते दुष्ट माणसांचं काम म्हणून सोडून देता येत नाही.

पंचनामा
गोळावलीतून काढायचा मुद्दा कागदाचाच आहे. वाघ मोठी शिकार एका रात्रीत संपवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत येतो. त्याच सांगाड्यावर विष घातलं जातं. म्हणजे गुरू मेल्यापासूनच्या पहिल्या दोन दिवसांत वनखातं पोचलं की वाघ वाचतो आणि मालकही.

मालकानं काय करायचं: जनावर हलवू नये. फोन करून वनकर्मचारी आणि गुरांचा डॉक्टर दोघांना बोलवावं, तक्रारीची वेळ लिहून घ्यावी. फोटो चार: पूर्ण जनावर आजूबाजूच्या खुणांसह, मानेवरच्या दातांच्या खुणा शेजारी मोजपट्टी ठेवून, ओढून नेल्याचा माग, आणि कानातला १२ अंकी बिल्ला. बिल्ला नसेल तर गुरू तुमचं हे सिद्ध करण्यातच महिना जातो. आजच बिल्ले मारून घ्या.

मारणारा कोण हे कळायला: वाघ-बिबट्या गळा धरतात. वाघ बहुतेक मागच्या फऱ्यापासून खायला सुरू करतो, बिबट्या पोट-छातीकडून. कोळसुंदे मागून आणि पोटाकडून फाडतात, गळ्यावर नीट खुणा नसतात. सगळ्यात महत्त्वाचं, खुणेभोवतीची कातडी सोलून बघायला सांगा. आत रक्त साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना चावलं. साकळलेलं नसेल तर ते आधीच साप किंवा रोगानं मेलं आणि नंतर खाल्लं गेलं. दावे फेटाळले जातात ते बऱ्याचदा इथे, कारण कुणी कातडी सोललेलीच नसते.

सांगेची_वाट
आणि जे सापडतच नाही त्याचं? गुरू रानात गेलं, आलंच नाही.

आकडेमोड
आयडाहोत हे मोजलंय. रानात चरणाऱ्या वासरांपैकी लांडग्यानं मारलेलं एक सापडलं तर त्यामागे आठपर्यंत मारलेली असू शकतात. म्हणून वायोमिंगमध्ये काही भागांत एका सिद्ध नुकसानीवर ठरावीक पट भरपाई देतात. गोव्यात भरपाई फक्त सापडलेल्या मड्यावर असेल तर ती बरीचशी कागदावरचीच.

काजूबोंडू
युरोपात लांडगे अडवायला दोरीला लाल फडकी बांधतात म्हणे. ते इथे बिबट्यासाठी चालेल का?

झटकामशीन
नाही. अर्धा मीटर लांबीची फडकी, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, टोक जमिनीपासून १५ सेंटिमीटर. लांडगा नव्या वस्तूला बुजतो म्हणून ते चालतं, तेही साधारण दोन महिने, मग तो सरावतो. बिबट्यासाठी बंद गोठाच हवा. चिऱ्याची भिंत असली तरी वरचा भाग उघडा ठेवू नका. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट असते तिथून तो येतो. तिथे जाळी, दाराला खालूनही कडी, आणि वासरं भिंतीपासून लांब.

खडपी
पंचनामा, एक शंका. मडं हलवायचं नाही म्हणता, मग दोन रात्री तिथे कोण बसणार? मालक बसला तर वाघ येणार नाही, कुणीच नसलं तर विष घालणारा येईल.

पंचनामा
कुणी बसायचं नाही. पंचनामा झाल्यावर दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, गुडघ्याच्या उंचीवर, तीन-चार मीटर अंतरावर, आणि वाडीकडून येणाऱ्या पायवाटेवर तिसरा. दिवसा दोनदा कर्मचाऱ्यानं फेरी मारायची आणि सांगाड्याजवळ मेलेल्या माश्या किंवा कावळे दिसतात का ते बघायचं. दिसले तर विष आहे, हातमोजे घालून नमुना घ्या आणि मडं लगेच खोल पुरा. वाडीला अगदी लागून असेल तर पंचनाम्यानंतर थांबू नका, त्याच दिवशी पुरा. डॉक्टरचा दाखला मात्र दोन्ही वेळा त्याच दिवशी घ्यायचा. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी कातडी इतकी फुगलेली असते की दातांच्या खुणा मोजताच येत नाहीत.